रेंडलशॅमच्या दोन देवड्या

इंग्रजी कादंबऱ्यांचा ज्यांना नाद आहे अशा वाचकांस 'लॉज' हा शब्द अपरिचित नाहीं. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ प्रवाशांच्या मुक्कामापर्यंत खालीं घसरला आहे. पण मूळच्या घरीं त्याचा एक निराळाच थाट होता. उमरावाच्या विस्तीर्ण उद्यानास जें फाटक असे, तें उघडावयास व लावावयास एक नोकर असे, आणि त्या नोकराचें फाटकालगतचें जें बिऱ्हाड तें लॉज. आपल्या वाड्याची देवडी म्हणजे काय हें ज्यास ठाऊक आहे त्यास अधिक सांगावयास नको. फरक इतकाच कीं, आपली देवडी वाड्याच्या भिंतींतच असते. इंग्रज उमरावाची देवडी वाड्यापासून कधीं अर्धा मैल, कधीं दोन मैल दूर असे. जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या सुप्रसिद्ध कादंबरींत नायिका पेंबर्लीस जाते, तेव्हां तिचें काळीज धडधडूं लागतें तें वाडा दिसल्यावर नव्हे, गाडी लॉजपाशीं वळतांच. आणि त्याच कादंबरींतील कॉलिन्स नांवाचा तो अजागळ पाद्री, बडे पाहुणे केव्हां येतात हें सर्वांच्या आधीं कळावें म्हणून, लॉज दृष्टीआड होणार नाहीं अशा बेतानें सारी सकाळ येरझाऱ्या घालीत राहतो! ज्या काळांत फाटक पाहूनच मालकाची योग्यता ठरे, त्या काळाचें मर्म त्या चतुर बाईनें दोन वाक्यांत पकडलें आहे.

हा काळ म्हणजे चार जॉर्ज राजांचा, १७१४ पासून १८३० पर्यंतचा. याच काळांत इंग्लंडांतील गांवरानें कुंपणाखालीं गेलीं, आणि जमीनदारांच्या वाड्यांभोंवतीं शेंकडों एकरांचीं उद्यानें पसरलीं. उद्यान वाढवावयाचें तर मधून जाणारा लोकांचा रस्ता अडचणीचा होई. मग १७७३ च्या रस्त्यांच्या कायद्यान्वयें गांवचे दोन मॅजिस्ट्रेट सही करीत आणि रस्ता बाजूस वळविला जाई. ते मॅजिस्ट्रेट बहुधा शेजारचे जमीनदारच असत, हें निराळें सांगावयास नको. रस्ता दूर गेला, उद्यान बंदिस्त झालें, कीं फाटक आलें. फाटक आलें कीं देवडी आली. प्रथम प्रथम फाटकाच्या दोन बाजूंस दोन सारख्या ठोकळेवजा खोल्या बांधण्याची चाल होती. दिसावयास तें फार शोभिवंत असे. पण राहणारा मनुष्य एकच, त्याचें कुटुंब एकच. म्हणून त्यानें एका खोलींत जेवावें आणि पावसांत भिजत फाटक ओलांडून दुसऱ्या खोलींत निजावयास जावें, असा प्रकार होई. पुढें असल्या देवड्यांच्या नमुन्यांचीं पुस्तकेंच निघूं लागलीं. डर्न नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें १८११ सालीं केवळ लॉज व प्रवेशद्वारें यांच्यावरच एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीक देवालयासारखी लॉज, स्विस झोंपडीसारखी लॉज, मध्ययुगीन किल्ल्यासारखी लॉज, ज्याला जी आवडेल ती त्यानें घ्यावी. मालकास स्वतःच्या वाड्यावर जे प्रयोग करण्याचें धैर्य होत नसे, ते तो देवडीवर करी. बिघडलें तर बिघडलें, राहणार तर दरवान!

अशा शेंकडों देवड्या इंग्लंडांत अद्यापि उभ्या आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या मागचा वाडा नाहींसा झालेला आहे. विसाव्या शतकांत त्या देशांतील हजाराहून अधिक मोठे वाडे जमीनदोस्त झाले. त्यांतील एका वाड्याची व त्याच्या दोन देवड्यांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ती निवडण्याचें कारण असें कीं, त्या देवड्यांच्या आड जो मनुष्य उभा आहे त्याच्या एका कागदानें इंग्लंडचीं न्यायालयें साठ वर्षें गाजविलीं, आणि त्या कागदाची सांवली आपल्या देशाच्या कायद्यावरही येऊन पडली आहे.

लंडनच्या ईशान्येस, समुद्रकिनाऱ्याजवळ, सफोक परगण्यांत वुडब्रिज नांवाचें एक छोटें शहर आहे. त्याच्या पलीकडे चार-पांच मैलांवर रेंडलशॅम हें गांव. गांव लहान, पण त्याचें नांव जुन्या इतिहासांत आहे. आठव्या शतकांतील बीड या साधुवृत्तीच्या इतिहासकारानें तें राजाचें ठाणें म्हणून नमूद केलें आहे, आणि पूर्व सॅक्सन लोकांच्या स्विथहेल्म राजाचा बाप्तिस्मा तेथें झाल्याचें तो सांगतो. १९३९ सालीं जेथें जहाजासकट पुरलेल्या राजाचें सुवर्णधन सांपडलें तें सटन हू येथून जवळच आहे. अलीकडे, २०२२ सालीं, रेंडलशॅमच्या शेतांत उत्खनन झालें तेव्हां एका लांकडी राजसभागृहाच्या खांबांच्या खुणा मिळाल्या. २३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. हल्लींच्या पिढींतील लोकांस मात्र हें गांव निराळ्याच कारणानें ठाऊक आहे. १९८० च्या डिसेंबरांत जवळच्या विमानतळावरील अमेरिकन शिपायांनीं तेथल्या रानांत आकाशांतून उतरलेलीं म्हणून कांहीं दिवे पाहिले, आणि तेव्हांपासून परग्रहावरील पाहुण्यांचे भक्त त्या रानांत फेऱ्या मारीत असतात. चौदाशें वर्षांच्या राजधानीपेक्षां एका रात्रीच्या दिव्यांस अधिक कीर्ति मिळावी, हा लोकांच्या स्मरणशक्तीचा चमत्कारच म्हणावयाचा.

या गांवीं रेंडलशॅम हॉल नांवाचा वाडा होता. त्याच्या दोन लॉज अठराव्या शतकाच्या अखेरच्या दहा-बारा वर्षांत बांधलेल्या आहेत, आणि दोन्हीं जगाच्या पाठीवर विरळा अशा आहेत. एकीचें नांव आयव्ही लॉज. हिची कल्पना अशी कीं, जणूं एखाद्या जुन्या मठाचें प्रवेशद्वार पडझड होऊन उरलें आहे. मोठी कमान, तिच्या बाजूस भग्न भिंती, आणि त्या भग्नतेच्या आडोशास माणसानें राहावयाची जागा. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं येथें मठ कधींच नव्हता. इमारत नवी, पण ती बांधतांनाच पडकी बांधली. त्या काळच्या रसिकांस खोट्या भग्नावशेषांचें मोठें वेड होतें. सँडरसन मिलर नांवाच्या गृहस्थानें हॅग्ली येथें १७४७ च्या सुमारास एक पडका किल्ला नव्यानें उभारून दिला होता आणि थोरामोठ्यांनीं त्याची वाहवा केली होती. यांतील विनोद इंग्रजांच्या ध्यानांत आला होता कीं नाहीं कोण जाणे. आठव्या हेन्री राजानें १५३६ ते १५४० या चार वर्षांत देशांतले सारे मठ मोडून त्यांच्या जमिनी सरदारांस विकल्या, आणि त्या जमिनींवर पुष्ट झालेल्या वर्गाच्या वंशजांनीं अडीचशें वर्षांनीं पदरचे पैसे घालून पडके मठ बांधावयास घेतले!

दुसरी, वुडब्रिज लॉज, याहून विचित्र व आमच्या मतें याहून सुंदर. मध्ययुगीन कॅथीड्रलांना लागून साधूंच्या सभेचें एक दालन असे. तशा दालनाची ही चिमुकली प्रतिकृति आहे. टोंकदार खिडक्या, भिंतींस बाहेरून दिलेले धिरे, आणि त्या धिऱ्यांपासून निघून छपरावरून अधांतरीं वर चढत जाणाऱ्या कमानी. खऱ्या कॅथीड्रलांत असल्या कमानी शोभेसाठीं नसतात. आंतल्या दगडी घुमटाचा भार भिंतींस बाहेर लोटीत असतो, तो या कमानी पेलून जमिनींत उतरवितात. त्या काढल्या तर देऊळ कोसळेल. रेंडलशॅमच्या कमानी कोणता भार पेलतात? त्या सर्व बाजूंनीं वर येऊन छपराच्या मध्यभागीं एकत्र मिळतात, आणि तेथें त्यांनीं एक धुराडें उचलून धरलें आहे. दरवानाच्या बायकोनें खालीं चूल पेटविली म्हणजे साधूंच्या सभागृहाच्या शिखरांतून धूर निघावा, अशी ही योजना. हंसूं येतें खरें. पण चित्र पाहिल्यावर त्या कारागिराच्या कल्पकतेस दाद दिल्यावांचून राहवत नाहीं. धुराडें लपवावें कसें ही त्या काळच्या सर्व वास्तुशिल्पज्ञांची अडचण होती. यानें तें लपविलें नाहीं, त्याचा कळस केला.

आंत राहणाऱ्याचें काय? असल्या देवड्यांतून मालकाच्या पदरचा एखादा थकलेला माळी किंवा विधवा नोकरीण ठेवीत. भाडें नसे, त्याबद्दल अहोरात्र फाटकाची चाकरी. मध्यरात्रीं गाडीची हांक आली कीं कंदील घेऊन धांवावयाचें, फाटकाशीं लवून उभें राहावयाचें, आणि गाडी गेल्यावर पुन्हां अडसर घालावयाचा. खोल्या तिरकस कोनांच्या, त्यांत पलंग नीट बसूं नये; खिडक्या टोंकदार, त्यांतून उजेड बेताचा. इमारत पाहणारासाठीं केलेली, राहणारासाठीं नव्हे. दरवानाची मुलें साधूंच्या सभागृहांत वाढलीं हें त्यांच्या गांवींही नसेल.

आतां या देवड्यांच्या मालकांकडे वळूं. रेंडलशॅमची इस्टेट अठराव्या शतकाच्या अखेरीस थेलसन नांवाच्या घराण्याकडे आली. हें घराणें मूळचें फ्रान्सांतून धर्मछळामुळें परागंदा होऊन जिनीव्हांत स्थायिक झालेल्या प्रॉटेस्टंटांचें. पीटर थेलसनचा बाप पॅरिस येथें जिनीव्हा प्रजासत्ताकाचा वकील होता. त्याचा एक भाऊ पुढें फ्रान्सचा अर्थमंत्री झालेल्या नेकरचा पेढींतील भागीदार. पीटर स्वतः १७६० च्या सुमारास लंडनला आला, इंग्रज नागरिक झाला, आणि त्यानें व्यापारांत अलोट पैसा मिळविला. हा पैसा कोठून आला हें सांगितलें पाहिजे. साखर, तंबाखू, सावकारी, आणि वेस्ट इंडीज बेटांतील मळे. ग्रेनाडा व माँटसेराट येथील गुलामांच्या मेहनतीवर चालणाऱ्या मळ्यांत त्याचा पैसा गुंतला होता, आणि कर्ज थकलें कीं मळा गुलामांसह सावकाराच्या हातीं येई. ज्या घराण्यानें धर्मासाठीं मायभूमि सोडली त्याच्या एका वंशजास दुसऱ्यांची मायभूमि हिरावून घेणाऱ्या धंद्याचा विटाळ वाटला नाहीं. मृत्युपत्रांत त्यानें लिहिलें आहे कीं, ही संपत्ति आपण उद्योगानें व सचोटीनें मिळविली आहे, सबब पार्लमेंटनें आपल्या इच्छेंत हात घालूं नये. 'उद्योग' हा शब्द खरा आहे. दुसऱ्या शब्दाबद्दल ग्रेनाडांतील मजुरांस कोणी विचारलें नाहीं.

हें मृत्युपत्र १७९६ सालीं झालें, आणि १७९७ च्या जुलईंत पीटर थेलसन वारला. पेटी उघडली, कागद वाचला, आणि बायको, तीन मुलगे व तीन मुली तटस्थ झालीं. त्यांना सर्वांस मिळून सुमारें एक लाख पौंड ठेविले होते. उरलेलें सारें, म्हणजे वर्षास साडेचार हजार पौंडांचें उत्पन्न देणारी जमीन व सहा लाख पौंडांहून अधिक रोकड, विश्वस्तांच्या हवालीं. विश्वस्तांनीं करावयाचें काय? कोणासही एक कवडी न देतां त्या रकमेचें व्याज मुद्दलांत घालीत जावयाचें व त्यांतून जमिनी विकत घेत जावयाचें. किती वर्षें? आपल्या मृत्युसमयीं जे मुलगे, नातू व पणतू हयात असतील, किंवा आईच्या पोटांत असतील, त्यांपैकीं शेवटचा जीव जाईपर्यंत. असे नऊ जीव निघाले. नववा जीव गेला म्हणजे मग तीन मुलग्यांच्या तीन शाखांतील त्या वेळच्या ज्येष्ठ पुरुष वंशजांत सर्व संपत्ति वांटावी. वंशज नच उरला तर ती राष्ट्राच्या कर्जफेडीकडे जावी.

हें वाचून पुष्कळांनीं त्या मनुष्यास वेडा ठरविलें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें कायद्याचा बारकाईनें अभ्यास करविला होता. 'हयात असलेल्या माणसांच्या आयुष्यापर्यंत संपत्ति बांधून ठेवतां येते' हा इंग्लंडचा जुना नियम. तो एक-दोन जिवांसाठीं केलेला, पण जिवांची संख्या त्यांत सांगितलेली नाहीं हें यानें हेरलें. आणि गणित तर त्याच्या हाडींमांसीं खिळलें होतें. सहा लाख पौंड दरसाल दर शेंकडा पांच टक्के चक्रवाढीनें ठेविले तर एकुणसाठ वर्षांत ते एक कोटी सहा लाखांवर जातात, पाऊणशें वर्षांत दोन कोटी तेहतीस लाखांवर. वाचकांनीं हवें तर मांडून पाहावें. त्या काळच्या लोकांनीं तर याहूनही अवाढव्य आंकडे मांडले, आणि हा एक वंश उद्यां साऱ्या इंग्लंडची जमीन गिळून बसेल अशी भीति पसरली. आमच्या शास्त्रकारांनीं या राक्षसाचें दुसऱ्या एका दाराशीं फार पूर्वीं नाक दाबलें होतें. दामदुपटीचा नियम मनुस्मृतीइतका जुना आहे: एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही हिंदु ऋणकोपुरता तो मानला. तो नियम सावकार व ऋणको यांच्यामधला, थेलसनच्या मृत्युपत्रासारख्या कागदास तो लागू पडला नसता, हें खरें. पण पैशास पैशाची पिल्लें अमर्याद होऊं देऊं नयेत, ही जाण त्यामागें आहे.

बायकोनें व मुलांनीं अर्थातच फिर्याद केली. १७९९ सालीं लॉर्ड चॅन्सेलर लफबरो यांनीं निकाल दिला कीं मृत्युपत्र कायदेशीर आहे. पण निकाल देऊन ते स्वस्थ बसले नाहींत; पुन्हां असें कोणी करूं नये म्हणून त्यांनींच पुढाकार घेऊन १८०० सालीं एक कायदा मंजूर करून घेतला. मृत्युपत्र करणाराच्या मरणानंतर एकवीस वर्षांहून अधिक काळ, किंवा अज्ञान वारस वयांत येण्याहून अधिक काळ, उत्पन्न सांठवून ठेवतां येणार नाहीं असा तो निर्बंध. लोकांनीं त्यास थेलसन कायदा हेंच नांव दिलें. मौज ही कीं ज्याच्या नांवानें कायदा झाला त्याला तो लागू नव्हता. त्याचें मृत्युपत्र आधींचें. १८०५ सालीं उमरावसभेनेंही तें कायम केलें. थोरला मुलगा पीटर आयझॅक याला, रेंडलशॅमच्या मालकाला, १८०६ सालीं आयर्लंडच्या सरदारांत लॉर्ड रेंडलशॅम हा किताब मिळाला, पण बापाच्या तिजोरीची किल्ली मिळाली नाहीं. दोन वर्षांनीं तो वारला. मुलगे मेले, नातू म्हातारे झाले. १८३० सालीं, ज्या वर्षीं चौथा जॉर्ज वारला त्याच वर्षीं, रेंडलशॅमचा वाडा आगींत भस्म झाला. देवड्या फाटकापाशीं होत्या. त्यांना आंच लागली नाहीं. पुढें कित्येक वर्षें गाड्या खऱ्या-खोट्या मठाच्या कमानींतून जात आणि आंत खरोखरीचा भग्नावशेष लागे! असला योग त्या रसिक बांधणाराच्या स्वप्नांतही आला नसेल.

इकडे पैशाचें काय चाललें होतें? तो चॅन्सरी कोर्टाच्या देखरेखीखालीं वाढत होता, असें आपण म्हणूं. वास्तविक तो तेथें झिजत होता. विश्वस्त बदलावयाचे तर अर्ज, जमीन घ्यावयाची तर अर्ज, खंड ठरवावयाचा तर अर्ज. दर अर्जास वकील, दर वकिलास फी. डिकन्सनें १८५२-५३ सालीं चॅन्सरीवर जी प्रख्यात कादंबरी लिहिली, तिच्यांतील अंतहीन दाव्याच्या मूळ नमुन्यांत या खटल्याचीही गणना करितात. शेवटचा नातू १८५६ सालीं वारला. पण नववा दिवा मालवतांच नवा वाद पेटला: 'ज्येष्ठ' म्हणजे कोण? वयानें वडील, कीं थोरल्या शाखेंतला? तीन वर्षें तो वाद चालून १८५९ सालीं उमरावसभेनें शाखेच्या बाजूनें कौल दिला. मधल्या मुलाचा पुरुषवंश संपला होता. म्हणून पांचवा लॉर्ड रेंडलशॅम व चार्ल्स सबाइन थेलसन या दोघांत संपत्ति वांटली गेली. आणि जी वांटली गेली ती किती? म्हाताऱ्यानें ठेविली होती तिच्याहून फारशी अधिक भरली नाहीं. बासष्ट वर्षें उपाशी ठेवलेल्या वंशाच्या ताटांत जें पडलें तें १७९७ सालींच पडलें असतें.

आमच्या वाचकांत असे क्वचितच कोणी असतील, ज्यांच्या नात्यागोत्यांत वडिलार्जित घराचा वाटणीदावा झालेला नाहीं. त्यांना या आंकड्याचें आश्चर्य वाटणार नाहीं. परंतु एका गोष्टीकडे आम्हीं त्यांचें लक्ष वेधूं इच्छितों. आपल्याकडे भाऊबंद भांडतात ते हयात माणसांशीं. थेलसनच्या वंशजांस मेलेल्या माणसाशीं भांडावें लागलें, आणि मेलेला मनुष्य तडजोड करीत नाहीं. दोन पिढ्या जन्मल्या, लग्नें झालीं, कर्जें झालीं, आणि प्रत्येक घरांत कोणाच्या मरणाची वाट पाहावयाची हें ठरलेलें होतें. आजोबांनीं नातवांची माया अशा रीतीनें मोजून ठेविली होती. इंग्रज ग्रंथकार थेलसनच्या गर्विष्ठपणाबद्दल बोलतात, चॅन्सरीच्या गलथानपणाबद्दल बोलतात. या गोष्टीबद्दल ते फारसे बोलत नाहींत, आणि आम्हांस तर हीच सर्वांत क्रूर वाटते.

पैसा हातीं येतांच दोघां वारसांनीं एकच केलें: वाडे बांधले. चार्ल्सनें यॉर्कशरमधील ब्रॉड्सवर्थचा जुना वाडा पाडून १८६१ ते १८६३ या काळांत नवा उठविला. तो सुदैवानें टिकला. १९९० सालीं तो राष्ट्रीय ठेव म्हणून सोंपविला गेला व १९९५ पासून लोकांस पाहावयास खुला आहे. लॉर्ड रेंडलशॅमनें १८७० च्या सुमारास विल्यम बर्न या नांवाजलेल्या वास्तुशिल्पज्ञाकडून रेंडलशॅम हॉल पुन्हां बांधविला. हें सारें घडलें आणि थोड्याच वर्षांत काळ फिरला. परदेशचें धान्य स्वस्त येऊं लागलें, जमिनीचे खंड उतरले, आणि १८९४ सालीं मृत माणसाच्या इस्टेटीवर भारी कर बसला. मेलेल्या मनुष्यानें मालकी गाजवूं नये म्हणून १८०० सालीं कायदा झाला होता. आतां मेल्याबद्दल सरकार वर्गणी घेऊं लागलें. पहिल्या महायुद्धानंतर घराणें रेंडलशॅमहून हललें, वाड्यांत व्यसनाधीन रोग्यांचें आरोग्यधाम निघालें, दुसऱ्या महायुद्धांत लष्कर येऊन राहिलें, आणि १९४९ सालीं वाडा पाडून टाकण्यांत आला. म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रावर चढलेली ती शेवटची इमारत पाऊणशें वर्षांपेक्षां फार अधिक टिकली नाहीं.

देवड्या मात्र राहिल्या, आणि त्याचें कारण अगदीं रोकडें आहे. पन्नास दालनांच्या वाड्याचें छप्पर शाकारावयाचें तर नोकरांची पलटण व उमरावाचें उत्पन्न पाहिजे. तो पाडून शिसें, लांकूड व दगड विकणें परवडतें. देवडींत दोन माणसें राहूं शकतात. ती विकत घेणारा, तिचें गळतें बंद करणारा, बाहेर चार गुलाबाचीं झाडें लावणारा कोणी ना कोणी भेटतो. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नगररचनेच्या कायद्यांनीं जुन्या इमारतींची सरकारी यादी करण्याची जी पद्धत घातली, तिच्यांत रेंडलशॅमच्या या दोन्हीं लॉज नोंदल्या गेल्या. परवानगीवांचून त्यांचा एक दगडही आतां हलवितां येत नाहीं. दरवानाची नोकरी संपली आहे, ज्यासाठीं फाटक उघडावयाचें तो वाडा नाहीं, रस्ता शेतांत जाऊन विरतो. पण पडकी म्हणून बांधलेली आयव्ही लॉज अजून जितकी पडकी होती तितकीच पडकी आहे, आणि वुडब्रिज लॉजच्या कमानींनीं आपलें धुराडें सवा दोनशें वर्षें सोडलेलें नाहीं.

राहतां राहिला कायदा. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानासाठीं वारसाहक्काचा व मिळकतीच्या हस्तांतरणाचा कायदा इंग्रज विधिज्ञांनीं रचला तेव्हां थेलसनचें भूत त्यांच्या डोळ्यांपुढें होतेंच. १८६५ च्या वारसा कायद्यानें तर उत्पन्न सांठविण्याची आज्ञा जवळजवळ सर्वस्वीं रद्द ठरविली होती. पुढें ती कडक गांठ थोडी सैल केली. भारतीय वारसा कायद्याच्या ११७ व्या कलमान्वयें मृत्युपत्र करणाराच्या मरणापासून अठरा वर्षांपलीकडे उत्पन्न सांठवीत ठेवण्याची आज्ञा, कर्जफेडीसारखे कांहीं ठराविक अपवाद सोडले तर, चालत नाहीं. मिळकत हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याच्या सतराव्या कलमांतही हीच अठरा वर्षांची मुदत हयातींत केलेल्या व्यवस्थेस लाविली आहे, देणाराच्या आयुष्याचा पर्याय ठेवून. सफोकमधील त्या फाटकांशीं मुंबई-पुण्याच्या मृत्युपत्रांचें नातें आहे तें असें.

इंग्लंडनें मात्र २००९ सालीं नवा कायदा करून धर्मादाय निधि वगळतां हा जुना निर्बंध काढून टाकिला, आणि संपत्ति बांधून ठेवण्याची मुदत एकशें पंचवीस वर्षें केली. पीटर थेलसन आज लंडनांत मृत्युपत्र करावयास बसला, तर त्यास नऊ जीव मोजण्याचे श्रम पडणार नाहींत. मुंबईंत त्याला अठरा वर्षेंच मिळतील.